टाचेमागची शीर, अकिलीसची गोष्ट आणि साताऱ्यातलं एक फिजिओ क्लिनिक

पाचपैकी पाच स्टार दिलेत आणि का दिलेत ते सविस्तर लिहितेय, कारण "छान ट्रीटमेंट, स्टाफ चांगला आहे" एवढ्यावरून कुणाला काही कळत नाही. टाचेच्या मागं, घोट्याच्या वरती जी जाड शीर हाताला लागते तिथं ज्यांना दुखतंय, सकाळी उठून पहिली पावलं टाकताना कळ येते आणि जरा चाललं की बरं वाटतं, अशांनी हे पूर्ण वाचावं. तळव्याला, म्हणजे टाचेच्या खाली दुखत असेल तर ते दुखणं वेगळं, त्याचे पेशंटही इथं बरेच येतात पण माझं ते नव्हतं त्यामुळं त्याबद्दल मी काही सांगत नाही.

आधी थोडं बॅकग्राऊंड. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते आणि तेव्हापासून गावात पळणारे खूप वाढलेत. पहाटे यवतेश्वर घाटाकडं निघालं की अंधारात रिफ्लेक्टरचे पट्टे हलताना दिसतात, त्यात कॉलेजची पोरं असतात, रिटायर झालेले काका असतात, आमच्यासारख्या चाळिशीतल्या बायकापण असतात. घाट चढताना पाऊल घोट्यात जास्त वाकतं आणि प्रत्येक पावलाला पोटरी आणि टाचेमागची शीर पूर्ण ताणात जाते. स्पर्धा जवळ आली की सगळेच घाटातले किलोमीटर वाढवतात, मीपण वाढवले, आणि उजव्या टाचेच्या मागं दुखायला लागलं, मग बोटानं दाबलं की तिथं जाडसर काहीतरी लागायला लागलं. यावर गावात ज्याला विचाराल त्याचं उत्तर ठरलेलं, शीर चढलीय, कुणाकडून तरी चोळून घ्या. एका ठिकाणी चोळून घेतलं, त्यांनी अंगठ्यानं जोर लावून शीर "बसवली" आणि दुसऱ्या दिवशी घोट्याच्या मागची खळगी दिसेना एवढी सूज आली. मग आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकीनं या क्लिनिकचं नाव सांगितलं.

क्लिनिक पोवई नाक्याच्या बाजूला आहे, वरच्या मजल्यावर. जागा मोठी नाही, पडदे लावून बेड वेगळे केलेत, एका कोपऱ्यात लाकडी पायऱ्यांचा छोटा स्टँड आणि भिंतीला दोन रबरी पट्टे, बाकी झगमगाट काही नाही. फिजिओ मॅडम स्वतः बघतात, असिस्टंटकडं सोपवून निघून जात नाहीत, हे मला सगळ्यात आधी आवडलं.

पहिल्या वेळी त्यांनी मशीन लावायच्या आधी भरपूर प्रश्न विचारले. "ताई, एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं दुखतंय?" मी बोट ठेवलं ते टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर. मग शुगर आहे का, कुठल्या आजारासाठी स्टिरॉइड चालू आहे का, आणि एक प्रश्न असा होता की मला त्याचा टाचेशी संबंधच लागेना, गेल्या काही महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली का, युरिन इन्फेक्शन किंवा जुलाबासाठी वगैरे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्यांनी काही जणांची ही शीर दुखते, क्वचित तुटतेसुद्धा, आणि अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ साली या गोळ्यांवर त्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापायला लावलाय. आपल्याकडं या गोळ्या किती सहज घेतल्या जातात ते सगळ्यांना माहितीय. साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड चालू असणाऱ्यांना धोका जास्त असतो, त्यामुळं घरात कुणी वयस्कर असेल तर एवढं लक्षात ठेवा, आणि अशी गोळी चालू असताना टाचेमागं दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

मग पालथं झोपवून पाय बेडच्या बाहेर सोडायला लावला आणि पोटरी हातानं दाबली. पोटरी दाबली की पाऊल आपोआप हलतं, तसं माझं हललं, म्हणजे शीर अखंड आहे. पाऊल हललं नाही तर शीर तुटलेली असू शकते, मग फिजिओकडं न थांबता सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडं पाठवतात. पळता-खेळताना अचानक मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर मागं कुणीच नाही, असं झालं की त्याच दिवशी दाखवा, चोळत बसू नका.

आता हा रिव्ह्यू एवढा लांब ज्यामुळं होतोय त्या गोष्टीकडं येते. तपासून झाल्यावर मॅडमनी प्लास्टिकचा पाय आणला, गुडघ्यापासून खालचा, आणि म्हणाल्या, "तुम्ही मघापासून शीर शीर म्हणताय, पण ही कुठली शीर?" आणि खरंच आहे, आपण मराठीत सगळ्यालाच शीर म्हणतो. इंजेक्शन देताना सापडत नाही ती शीर म्हणजे रक्तवाहिनी, मानेत दबते ती शीर म्हणजे नर्व्ह, आणि टाचेमागं हाताला लागते ती शीर म्हणजे टेंडन, स्नायू हाडाला जिनं बांधलेला असतो ती दोरी. तिन्ही वेगळ्या, तिन्हींचं काम वेगळं, पण शब्द एक असल्यामुळं तिन्हींवर उपाय एकच, चोळणं. रक्त साकळलंय म्हणून चोळायचं, दबलीय म्हणून चोळायचं, चढलीय म्हणून चोळायचं. आणि दोरीला चोळून काय होणार, दोरी आधीच उसवली असेल तर अजून उसवेल.

मी शाळेत शिकवते, शब्दांच्या मागं लागायची सवय आहे, त्यामुळं घरी आल्यावर यावर बरंच वाचलं. हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. जुन्या ग्रीकमध्ये न्यूरॉन हा शब्द असाच होता, त्याचा मूळ अर्थ दोरी, धनुष्याची प्रत्यंचा, अंगातली कंडरा म्हणजे टेंडन. मेंदूतून निघणारे मज्जातंतूसुद्धा पांढरे, दोरीसारखे दिसतात म्हणून त्यांनाही तोच शब्द. अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेरोफिलस आणि इरासिस्ट्रॅटस या दोघा ग्रीक वैद्यांनी शरीर उघडून बघितलं आणि मज्जातंतू ही वेगळी गोष्ट आहे हे दाखवलं, तेव्हा कुठं न्यूरॉन हा शब्द हळूहळू मज्जातंतूंच्या वाट्याला गेला. तरी जुन्या अर्थाची खूण राहिलीच, स्नायूच्या चपट्या पसरट टेंडनला डॉक्टर आजही अपोन्यूरोसिस म्हणतात, त्यात मज्जातंतूचा काही संबंध नाही.

आपल्याकडं सुश्रुतानं मात्र वेगवेगळे शब्द केलेले आहेत. सिरा ७००, स्नायू ९००, पेशी ५००, आणि कंडरा १६, त्यातल्या चार पायांत, चार हातांत, चार मानेत, चार पाठीत. म्हणजे टाचेमागच्या जाड दोरीला योग्य शब्द आपल्याकडं आधीपासून होता, कंडरा. पुढं शब्दांची जागा बदलली, सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा स्नायू, आज आपण पेशी म्हणतो ती सूक्ष्मदर्शकातली. त्याचा स्नायू म्हणजे सांधे बांधणारे बंध, आज आपण स्नायू म्हणतो ते मसलला. त्यानं स्नायूंचं वर्णन करताना म्हटलंय की फळ्या पुष्कळ दोऱ्यांनी नीट बांधल्या की नाव पाण्यात माणसांचा भार पेलते, तसं स्नायूंनी सांधे बांधलेत म्हणून माणूस भार पेलतो. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण मॅडमनी पहिल्या दिवशी नेमकं हेच सांगितलं होतं की ही शीर भार पेलायलाच आहे, तिला भारापासून कायमचं लांब ठेवून ती बरी होत नाही.

टेंडन शब्दाचं पण तसंच. ग्रीक टेनॉन, लॅटिन टेंडेरे म्हणजे ताणणं, आणि आपला ताण, ताणणं, तंतू, विणकामातला ताणा हे सगळं संस्कृतातल्या तन् धातूपासून, आणि हे दोन्ही घराणं मुळात एकच आहे. मी मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या आता पेशंटला समजवायला सोपं जाईल, जी ताणासाठी आहे ती टेंडन.

मग त्यांनी प्लास्टिकच्या पायावर दोन स्नायू दाखवले. वरचा मोठा फुगीर, गॅस्ट्रोक्नेमियस, आणि त्याच्याखाली दडलेला चपटा, सोलियस. दोघांच्या दोऱ्या खाली एकत्र होऊन ही एक जाड दोरी बनते आणि टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते, लांबी साधारण १५ सेंटीमीटर, शरीरातली सगळ्यात जाड आणि ताकदवान टेंडन. खाली येताना तिच्यातले धागे सरळ येत नाहीत, जवळजवळ पाव फेरा पीळ घेत येतात. पळताना हिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो असं सांगितलं जातं. आणि टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर जो भाग आहे तिथं रक्तपुरवठा कमी, माझं बोट पडलं होतं नेमकं तिथंच, जास्त करून दुखतंही तिथंच आणि भरून यायला वेळ लागतो तोही तिथंच.

गॅस्ट्रोक्नेमियस हे नाव उच्चारायला अवघड आहे पण अर्थ बघा, गॅस्टर म्हणजे पोट आणि क्नेमे म्हणजे नडगी, पाय. पायाचं पोट. आणि आपण काय म्हणतो, पोटरी! मी हे बोलत असताना शेजारच्या बेडवर गुडघ्याला शेक घेत असलेले एक मामा, माण तालुक्यातले, पडद्यापलीकडनं म्हणाले, "आमच्याकडं ज्वारीपण पोटरीत येती की." बरोबर आहे, कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आवरणात फुगतं तेव्हा पीक पोटरीत आलं म्हणतात, त्याच वेळी पाणी मिळालं पाहिजे. पायाला असो नाहीतर ज्वारीच्या ताटाला, जिथं मधेच फुगवटा येतो तिथं माणसाला पोटच आठवलं, इथंही आणि ग्रीसमध्येही. सोलियसचं नाव लॅटिन सोलिआवरनं, म्हणजे चपटी वहाण, त्याच शब्दावरनं एका चपट्या माशाचंही नाव पडलं. या दोन नावांवर जरा जास्त लिहिलं कारण पुढं व्यायामात या दोघांना वेगवेगळं गाठावं लागतं, तेव्हा उपयोगी पडेल.

आता अकिलीस. रिपोर्टवर मॅडमनी लिहिलं होतं "अकिलीस टेंडिनोपथी, मिड पोर्शन", म्हणजे या टेंडनच्या मधल्या भागातलं दुखणं. गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, ग्रीक वीर अकिलीस, त्याची आई थेटिस हिनं बाळाला अमर करण्यासाठी स्टिक्स नदीत बुडवलं, धरलं होतं टाचेला, तेवढी टाच कोरडी राहिली, आणि पुढं ट्रॉयच्या युद्धात पॅरिसचा बाण तिथंच लागून तो मेला. वेटिंगमध्ये बसलेल्या एका आजोबांना मी हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या श्रीकृष्णासारखंच की, जरा नावाच्या व्याधाचा बाण तळपायालाच लागला." मला ते ऐकून अंगावर काटा आला, कारण खरंच दोन्हीकडं एवढा मोठा माणूस आणि बाण लागतो तो पायाला.

पण वाचत गेले तेव्हा कळलं की ट्रॉयच्या युद्धावरचं जे जुनं ग्रीक महाकाव्य, होमरचं इलियड, त्यात ही टाचेची गोष्ट नाहीच. तिथं अकिलीस मरतच नाही, इलियड संपतं ते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्काराशी. उलट एका लढाईत अकिलीसच्या हाताला भाला चाटून जातो आणि रक्त येतं, म्हणजे त्याला जखम होऊ शकत नाही असं होमरला म्हणायचंच नव्हतं. नदीत बुडवल्याची गोष्ट आपल्याला आज जशी माहितीय तशी लिहिलेली सापडते ती रोमन कवी स्टेशियसकडं, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, होमरनंतर कितीतरी शतकांनी.

आणि खरी थक्क करणारी गोष्ट पुढं आहे. टाचेमागची ही दोरी इलियडमध्ये आहे, स्पष्ट आहे, पण ती अकिलीसची नाही. हेक्टरला मारल्यावर अकिलीस त्याच्या दोन्ही पायांच्या मागच्या बाजूला, टाचेपासून घोट्यापर्यंत, टेंडनच्या इथं भोकं पाडतो, त्यातून कातडी वादी ओवतो, प्रेत रथाला बांधतो आणि फरफटत नेतो. होमरनं तिथं शब्द वापरलाय टेनोन्टे, म्हणजे दोन टेंडन, तोच शब्द जो आज आपल्या रिपोर्टवर असतो. एका माणसाचं अख्खं वजन घोड्यांच्या ओढीला त्या दोन दोऱ्यांवर टिकलं, हे त्या काळच्या माणसाला माहीत होतं, बहुतेक जनावरं सोलताना-टांगताना बघितलेलं असणार. म्हणजे खऱ्या अर्थानं बघायला गेलं तर ही हेक्टरची दोरी आहे. नाव मात्र ज्यानं ती भोसकली त्याचं लागलं. मला स्वतःला हे अन्यायाचं वाटतं आणि मी आता ग्रुपमध्ये सगळ्यांना हे सांगते.

नाव कुणी लावलं तेही सांगते. फिलिप व्हेरहेयन, आजच्या बेल्जियमचा, १६४८ चा जन्म, शेतकऱ्याच्या घरातला, तरुणपणापर्यंत गुरं राखायचा. गावच्या पाद्र्यानं त्याची हुशारी बघून शिकायला पाठवला, धर्मशास्त्र शिकत होता, तेवढ्यात आजारपणात एक पाय कापावा लागला. त्यानंतर तो वैद्यकाकडं वळला आणि लूव्हन विद्यापीठात शरीररचनेचा प्राध्यापक झाला. त्यानं १६९३ साली शरीररचनेवर जे पुस्तक छापलं त्यात या टेंडनसाठी कॉर्डा अकिलिस, अकिलीसची दोरी, असं नाव आलं आणि तिथून ते सगळीकडं गेलं. आपलाच कापलेला पाय त्यानं जपून ठेवला आणि त्याचंच विच्छेदन करताना हे नाव सुचलं अशी एक दंतकथा आहे, त्यावर जुनं चित्रपण आहे, पण ती दंतकथाच. एक पाय गमावलेल्या माणसाच्या पुस्तकामुळं पायाच्या दोरीचं नाव जगभर पोचलं एवढी खरी गोष्ट मला पुरेशी आहे. पुढं १८९५ साली शरीराच्या भागांची सुमारे ५०,००० नावं कमी करून साडेपाच हजारांच्या आसपास आणली गेली, माणसांच्या-देवांच्या नावांऐवजी जागेवरून नावं द्यायचं ठरलं, तेव्हापासून हिचं अधिकृत नाव टेंडो कॅल्केनियस, टाचेची टेंडन. पण कुठल्या डॉक्टरांच्या तोंडातून अकिलीस गेलं नाही.

तुम्ही म्हणाल ट्रीटमेंटचं सांगा. सांगते, पण त्यातही नावाचाच मोठा भाग आहे. आधी या दुखण्याला सगळे टेंडिनायटिस म्हणायचे. आयटिस लागलं की सूज-जळजळ, म्हणजे इन्फ्लमेशन, मग बर्फ लावा, गोळ्या घ्या, आराम करा. पुढं अशा जुन्या दुखण्यातल्या टेंडनचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर इन्फ्लमेशनच्या पेशी फारशा सापडेनात, सापडले ते विस्कटलेले, नीट न विणलेले धागे. म्हणून आयटिस काढून पथी लावलं, पॅथॉस म्हणजे दुःख, व्याधी. टेंडिनोपथी, टेंडनची व्याधी, कारण काय ते नावात आधीच ठरवून टाकलेलं नाही. आणि नाव बदललं तशी ट्रीटमेंट बदलली, नुसत्या आरामाऐवजी मोजूनमापून ताण द्यायचा, म्हणजे धागे परत एका रेषेत विणले जातात. मला या क्लिनिकचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं, मॅडमनी पहिल्या दिवशी हे एवढं समजावलं म्हणून मी पुढचे महिने व्यायाम सोडला नाही. दुखऱ्या जागेवर भार द्या असं कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी घाबरून दोन दिवसांत बंद केलं असतं.

व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग चांगला पाय उचलायचा आणि दुखऱ्या पायावर हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची. परत वर येताना चांगल्या पायाची मदत. हे गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा थोडा वाकवून, दोन्ही प्रकारे. का, तर पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून मांडीच्या हाडापासून सुरू होतो, गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि काम सोलियसवर येतं. स्वीडनमधले ऑर्थोपेडिक सर्जन होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली हे छापलं. १५ हौशी धावपटू, १२ आठवडे, दोन्ही प्रकार १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाला १८० वेळा, आणि ते सगळे परत पळायला लागले. आल्फ्रेडसन यांना स्वतःला हे दुखणं होतं आणि त्यांनी स्वतःवर ते आधी करून बघितलं होतं. मॅडमनी मला एकदम १८० दिले नाहीत, कमीपासून सुरू करून वाढवत नेले, नंतर पाठीवर सॅकमध्ये वजन घालून करायला लावलं. एक गोष्ट नीट ऐका, टेंडन जिथं टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथंच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, कारण खाली सोडल्यावर ती जागा हाडावर दाबली जाते. म्हणून व्हिडिओ बघून सुरू करण्याआधी एकदा दाखवून घ्या, कुठलं आहे ते कळलं पाहिजे.

रिझल्ट लगेच दिसत नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. सुरुवातीचे काही आठवडे सकाळची कळ तशीच होती, मग एक दिवस बाथरूमपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की दुखलंच नाही. पळणं पूर्ण बंद कधीच करायला लावलं नाही, फक्त घाट बंद, सपाटीवर हळू, आणि दुखणं दहापैकी किती आहे ते रोज वहीत लिहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा वाढला नसेल तरच पुढं जायचं. पावसाळा संपेपर्यंत मी परत यवतेश्वरपर्यंत चढायला लागले होते, स्पर्धा त्या वर्षी गेली पण टाच राहिली.

मशीन त्यांच्याकडं आहेत, अल्ट्रासाऊंड वगैरे, पण माझ्यासाठी फारशी वापरली नाहीत. काही पेशंटना ते आवडत नाही, पैसे दिले आणि मशीन लावलं नाही असं वाटतं. मला उलट वाटतं, जिथं व्यायामानं होतंय तिथं उगाच रोज बोलवून मशीनवर झोपवत नाहीत, माझं तर आठवड्यातून एकदा आणि नंतर पंधरा दिवसांनी बोलावणं होतं.

कमी काय आहे तेही लिहिते. लिफ्ट नाही, गुडघ्याच्या पेशंटचे जिने चढतानाच हाल होतात, मी एका मावशींना मधल्या जिन्यावर बसलेलं बघितलंय, याचा काहीतरी विचार व्हायलाच पाहिजे. पार्किंगला जागा नाही, गाडी लांब लावून चालत यावं लागतं. संध्याकाळी सहानंतर तालमीतली आणि कबड्डीची पोरं येतात तेव्हा गर्दी असते आणि अपॉइंटमेंट घेऊनही थांबावं लागतं, सकाळची वेळ मिळाली तर ती घ्या. आणि व्यायामाचा जो छापील कागद देतात तो पूर्ण इंग्लिशमध्ये आहे, चित्रं आहेत पण सूचना वाचता आल्या नाहीत तर टाच पायरीखाली सोडायची की नाही हेच कळणार नाही. तोंडी एवढं सुंदर मराठीत समजावणाऱ्या मॅडमनी कागदपण मराठीत करावा, मी लिहून द्यायला तयार आहे असं त्यांना सांगितलंय. त्यात शीर असं न लिहिता कंडरा लिहायचं माझ्या मनात आहे, बघू त्यांना पटतंय का.

फी माझ्या वेळी पहिल्या तपासणीला ५०० आणि नंतर ३०० होती, यूपीआय चालतं. जाताना ढगळ सलवार किंवा हाफ पँट घालून जा, गुडघ्यापर्यंत पाय उघडा लागतो, आणि रोजचे पळायचे बूट पिशवीत घालून न्या, सोल कुठल्या बाजूनं झिजलाय ते मॅडम बघतात.